टॅपेट कव्हरला सुटलेला घाम

मोरेश्वर भुवनच्या समितीने हेमचंद्र तिरोडकरला जी नोटीस दिली, तिच्यात भुताचा उल्लेख कुठेही नव्हता. सेक्रेटरी रघुवीर सामंत महापालिकेच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले. जे सिद्ध करता येत नाही ते कागदावर आणायचं नाही आणि जे कागदावर आलंय ते सिद्ध करत बसायचं नाही, या तत्त्वावर त्यांनी आख्खी नोकरी काढली होती. त्यामुळे नोटिशीचा विषय एवढाच होता : 'दिवंगत सभासदाच्या वाहनाचे सुटे भाग सदनिकेत भाजत असल्याबाबत.'

'भाजत' हा शब्द हेमचंद्रला लागला. भाजतात ते वांगं. तो करत होता ती पावडर कोटिंगची पूर्वतयारी होती, आणि ती शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून त्याने डोळे दुखेपर्यंत व्हिडिओ पाहिले होते. शिवाय तो विमा कंपनीत दावे तपासायचा. गोदाम जळालं म्हणून कुणी रडत आला, तर हेमचंद्र आधी चहा मागवायचा आणि मग पुरावा. अशा माणसाच्या घरी मेलेला बाप संध्याकाळचा येऊन जातो, असं अख्खी चाळ बोलत होती. वाईट भाग असा, की पुरावा अख्ख्या चाळीकडे होता. नव्हता तो फक्त हेमचंद्रकडे.

अण्णा, म्हणजे हेमचंद्रचे वडील, गेल्या वर्षी चैत्रात गेले. मागे राहिली त्यांची बायको शांताबाई, लालबागच्या या चाळीतली पहिल्या मजल्यावरची जागा आणि अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली एक जुनी फियाट. अण्णा मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर. मिल बंद झाली तेव्हा मॅनेजरची बंद पडलेली गाडी त्यांनी ढकलत घरी आणली. ढकलत, टोचन लावून म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढत नव्हे. हा फरक ते शेवटपर्यंत प्रत्येकाला समजावून सांगायचे. मग रोज संध्याकाळी भारतमाता, परळ, हिंदमाता, दादर अशी फेरी मारून दिवेलागणीला परत. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजायचा : दोन आखूड, एक लांब. तो साऱ्या चाळीला ऐकू जायचा, पण त्याचा अर्थ एकच होता. हेम्या, फाटक.

चाळीचं फाटक लोखंडी, बिजागऱ्या झिजलेल्या. खांदा लावून उचलल्याशिवाय ते हलत नसे आणि हलताना असं किंचाळायचं की नवी सून असेल तर दचकायची. ते उघडण्याचं खातं हेमचंद्रकडे शाळेत असताना आलं आणि पुढे त्याच्या केबिनला काचेचं दार लागलं तरी कुणी काढून घेतलं नाही. गाडी बाहेर नेताना अण्णा हॉर्नला नुसतं बोट लावायचे. पीप. म्हणजे मी निघालो, आता लाव. गाडीशी हेमचंद्रचा संबंध एवढाच. बोनेटकडे वळला की आवाज यायचा, "हात लावू नको."

गणपती झाले आणि सामंतांनी विषय काढला. चाळ पुनर्विकासाला गेली होती. माती तपासायचं यंत्र नेमकं ताडपत्रीच्या जागी उभं राहायचं होतं. दसऱ्यापर्यंत गाडी हलवा, नाहीतर समिती टोचन लावून भंगारात देईल. हेमचंद्रची बायको दुर्गा हिच्या भावाकडे शीवला पार्किंगची जागा होती. प्रश्न तिथवर न्यायचा होता.

"टेम्पोवर चढवू," हेमचंद्र म्हणाला.

शांताबाई वाती वळत होत्या. नवरा गेल्यापासून त्या फारशा बोलत नसत. "टेम्पो नको, टोचन नको," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, माझी गाडी फाटकातून जायत ती आपल्या चाकांर. तेवढां कर, हेमू."

वर्षभरात आईने काही मागितलं ते एवढंच. 'नाही' म्हणायला जागा नव्हती.

मेस्त्री आला, त्याने बोनेट उघडलं आणि दहाव्याला आलेल्या नातेवाइकासारखं तोंड केलं. इंजिन खोलावं लागेल. होईल दसऱ्यापर्यंत. बॅटरी चार्जिंगसाठी तो घेऊन गेला. जाताना त्याने इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढून हेमचंद्रच्या हातात दिलं. "हे टॅपेट कव्हर. याच्या रंगाच्या कपच्या सुटून इंजिनात पडतायत. तेवढं पावडर कोटिंग करून आणा, साहेब. परत बघायला नको."

कव्हर पावाच्या लादीएवढं. मूळचं तडकलेलं, म्हणून मिलला टाळं लागायच्या आत अण्णांनी तिच्या फाउंड्रीत स्वतः दुसरं ओतून घेतलं होतं, जाड ॲल्युमिनियमचं, खडबडीत. मिलमधून बाहेर पडलेलं ते शेवटचं ओतकाम, असं अण्णा सांगत. खरंखोटं करायला आता मिलही नव्हती. तिथे काचेचा टॉवर होता.

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पूड विजेच्या जोरावर धातूला चिकटवायची आणि भट्टीत वितळवायची. परळच्या एका गाळ्यात सौमित्र नावाचा तरुण हे काम करायचा. गाळ्याला एसी, टेबलाला काच, आणि बोलणं असं की त्याच्याकडे रंगवायला नव्हे, नोकरी मागायला आलोय असं वाटावं.

"सर, आम्ही फक्त कोटिंग करतो. तयारी तुमची. झीरो तेल, झीरो बोटांचे ठसे. साफ केल्यावर उघडा हात लावायचा नाही."

"हात लावायचा नाही," हेमचंद्र स्वतःशीच म्हणाला. हे वाक्य त्याच्या परिचयाचं होतं.

"आणि ओतकाम जुनं आहे. याच्या छिद्राछिद्रात तेल मुरलंय. आधी भट्टीत तापवा, घाम सुटेल त्याला. पुसा, परत तापवा. पांढऱ्या कागदाला डाग लागेनासा झाला की आणा. तसंच रंगवलं तर फोड येतात."

"मग तुमच्याच भट्टीत तापवा की."

"सर, त्यात दुसऱ्या कस्टमरचा माल असतो. तुमच्या तेलाची वाफ त्यांच्या मालावर बसेल." सौमित्रने कव्हर टिश्यूने उचलून परत दिलं. "एकाच्या घरचं दुसऱ्याच्या घरी नको."

अशा रीतीने अण्णांनी जन्मभर ज्याला हात लावू दिला नाही ते हेमचंद्रच्या मांडीवर आलं.

कव्हर खाली ठेवलं तोच शेजारचा कुशाबा आला. हाही जुना गिरणी कामगार, अण्णांचा दोस्त. सल्ला देण्यासाठी त्याला प्रश्न लागत नसे, वस्तू पुरायची. "सोड्यात टाक. मिलमधी आमी काय पन सोड्यात टाकू. रंग कसो, चामडी सोलल्यासारखो निघता."

हेमचंद्र सावध माणूस. त्याने कव्हर न टाकता आधी मेस्त्रीने खोलून ठेवलेलं रेडिएटरच्या नळीचं एक छोटं कोपर, म्हणजे वाकडा जोड, बादलीत ठेवलं, तुंबलेल्या मोरीत घालतात तो कॉस्टिक सोडा ओतला आणि चहा प्यायला गेला. मोरीतून आवाज यायला लागला. दम्याच्या माणसाने झोपेत श्वास घ्यावा तसा, संथ, ओला.

"तुम्ही आत कुणाला बसवलंय?" दुर्गाने विचारलं.

बादली तापली होती. पाणी काळं होऊन उसळत होतं. चिमट्याने शोधलं तेव्हा कोपराच्या जागी पापडाएवढा पातळ काळा तुकडा हाती आला आणि तोही चिमट्यातच मोडला. मिलमध्ये सोड्यात टाकायचे ते लोखंड. ॲल्युमिनियमला सोडा खातो, हे व्हिडिओत होतं. हेमचंद्रने तो भाग जाहिरात समजून पुढे ढकलला होता. कुशाबाने बादलीत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "अण्णांका आवडला नसतला." आणि घरी गेला.

नवं कोपर कुर्ल्याच्या बाजारात मिळालं. कव्हरचा रंग आता खरवडून काढायचा, आणि उरलेला हवेच्या झोताने उडवायचा ठरला. झोताबरोबर वाळू मारतात, पण वाळू फुप्फुसाला वाईट. हेमचंद्रने विचारपूर्वक दुर्गाची पांढरी रांगोळी घेतली. चाळीतल्या एकाचा टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर आणला, तोंडाला रुमाल बांधला आणि गॅलरीत सुरुवात केली. कल्पना चांगली होती, हे न्यायाने म्हटलं पाहिजे. रंग उडत होता. त्याबरोबर रांगोळीही उडत होती. थोड्या वेळाने गॅलरी दिसेनाशी झाली. लक्ष्मीवहिनी शेवटच्या खोलीतून बाहेर आल्या, धुरळ्यात उभी असलेली पांढरीफटक आकृती त्यांनी पाहिली, हात जोडले आणि पाठ न वळवता आत गेल्या.

हेमचंद्र आत जाऊन तोंड धुऊन आला, तर बाहेर माणसं जमली होती. सगळे जमिनीकडे बघत होते. गॅलरीभर रांगोळीचा पातळ, सारखा थर बसला होता. आणि त्यात जिन्यापासून तिरोडकरांच्या दारापर्यंत चपलांचे ठसे होते. उजव्या पायाची टाच बाहेरच्या बाजूला झिजलेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माणूस गेला की त्या जागी दिवा लावतात आणि दिव्यापाशी पीठ पसरून ठेवतात. त्यात कुणाचं पाऊल उमटतं त्यावरून गेलेला कुठे गेला ते कळतं म्हणे. अण्णांच्या वेळी पीठ जसंच्या तसं राहिलं होतं. बाकीच्यांनी ते विसरून टाकलं, कुशाबाने नाही.

"तेवा उमटला नाय," तो आता हळू आवाजात म्हणाला. "आता इले."

"अण्णांचीच टाच," लक्ष्मीवहिनी म्हणाल्या. "पितृपक्ष सुरू झालाय ना."

हेमचंद्रला बरं वाटलं. निदान हा दावा त्याच्या हद्दीतला होता. त्याने आपला उजवा पाय उचलून सगळ्यांना दाखवला. घाणीच्या कामाला म्हणून दुर्गाने त्याला अण्णांच्या जुन्या चपला काढून दिल्या होत्या. टाच बाहेरच्या बाजूला झिजलेली. "पुरावा," तो म्हणाला.

कुशाबाने चप्पल नीट पाहिली. "बरोबर. चप्पल तुझ्या पायात. पन हे पाय जिन्यावरसून घराकडे येतत. जाताना खंय आसत?"

हेमचंद्रने विचार केला. कॉम्प्रेसरची वायर जिन्याजवळच्या मीटरपाशी लावली होती. ती काढायला तो गेला होता. "जाताना धुरळा खाली बसला नव्हता. येताना बसला." उत्तर बरोबर होतं. तरी ते देताना आपला आवाज का चढला, हे त्याला कळलं नाही. संध्याकाळी त्याने एकट्याने गॅलरी झाडली. दाराशी येऊन थांबलेल्या शेवटच्या ठशावरून केरसुणी फिरवायला त्याला जरा वेळ लागला.

मग आला ओव्हनचा प्रश्न. घरात ओव्हन होता तो दुर्गाचा. त्यात ती दिवाळीच्या ऑर्डरची नानकटाई करायची आणि त्या ओव्हनला कव्हर होतं, पडद्याच्या कापडाचं, झालरीचं.

"त्यात खायच्या वस्तू होतात," दुर्गा म्हणाली.

"आतून फॉइल लावतो."

"आणि उद्या नानकटाईला तेलाचा वास आला तर?"

"तेल तर उडून जाणार. तीच तर प्रोसेस आहे."

दुर्गाने सासूकडे पाहिलं. शांताबाई म्हणाल्या, "दी गो." नानकटाईचा विषय संपला. निदान तात्पुरता.

दिवेलागणीची वेळ होती. रबरी हातमोजे घालून हेमचंद्रने कव्हर ओव्हनमध्ये ठेवलं आणि काचेसमोर स्टूल घेऊन बसला. आधी काहीच झालं नाही. मग उजळ, घासलेल्या धातूवर एक ठिपका आला. त्याच्या बाजूला दुसरा. कपाळावर यावेत तसे तपकिरी थेंब फुटत गेले, मोठे झाले आणि एकमेकांत मिसळून ओघळायला लागले. त्याने तीनदा साबणाने धुतलेलं, रॉकेलमध्ये बुडवलेलं, घासून लख्ख केलेलं ते कव्हर आतून घामाने निथळत होतं. नजर वळवावीशी वाटत होती आणि वळवता येत नव्हती.

आणि वास सुटला. तापलेल्या इंजिनाचा. त्यात किंचित पेट्रोल, किंचित तंबाखू. दादरहून फेरी मारून अण्णा दारात चपला काढायचे तेव्हा येणारा, अगदी तोच. तेल समजण्यासारखं होतं. तंबाखू कुठून आली, याला हेमचंद्रकडे उत्तर होतं : मळलेल्या हातांनी अण्णांनी कव्हर हाताळलं असणार. उत्तर तयार होतं तरी हातमोज्यांच्या आत त्याचे तळवे भिजले.

गॅलरीत दारं वाजली. चपला वाजल्या. कुशाबा दारात उभा राहिला. त्याने टोपी काढली होती.

"हेम्या, बसलंस काय? हॉर्न वाजलो मरे. फाटक उघड जा."

"कुठला हॉर्न?"

"दोन आखूड, एक लांब," मागून लक्ष्मीवहिनी म्हणाल्या. "मी तर सवयीने भाताखालचा गॅस बारीक केला. अण्णा आले की आमच्याकडे पानं घ्यायची वेळ."

"मलाही ऐकू आला," दुर्गा म्हणाली. तिने नवऱ्याकडे न बघता हे सांगितलं, आणि ही बाई हॉर्नच काय, देवळातल्या गुरुजींचाही शब्द दोनदा तपासून घेते.

हेमचंद्र खाली गेला. ताडपत्रीखाली गाडी होती तशीच होती. बॅटरीच्या जागी गंजलेला ट्रे. त्याने स्टिअरिंगवरचं हॉर्नचं बटण दाबून पाहिलं. रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी एवढाही आवाज आला नाही. वर आला तर आईने एक ताट जास्तीचं वाढलं होतं, अण्णांच्या जागी, पाटासकट.

हे रोजचं झालं. ओव्हन तापला की वास, वास आला की हॉर्न, हॉर्न झाला की कुशाबा. त्याच्या सांगण्यात आता काळजीपेक्षा तक्रार जास्त असायची : बाप बाहेर उभो आणि झील स्टुलार बसलो. दोघा-तिघांनी वास म्हणजे गॅसगळती समजून तक्रार केली. गॅस कंपनीचे लोक यंत्र घेऊन आले, सगळ्या नळ्या हुंगल्या आणि गळती कुठेच नाही म्हणून सांगून गेले. त्यातला एक जाताना म्हणाला, "साहेब, घरी कुणाची जुनी गाडी होती का? माझ्या काकांची आठवण झाली."

नानकटाईचा विषय परत निघाला. दिवाळीच्या ऑर्डरीचा पहिला नमुना प्रभादेवीहून तक्रारीच्या फोनसकट परत आला. दुर्गाने डबा उघडून नवऱ्याच्या नाकापुढे धरला. ती नानकटाई शेवटी कुशाबाने खाल्ली. एक तोंडात टाकली आणि त्याचे डोळे भरले. "मागल्या सीटार बसान दादराक गेल्यासारख्या वाटता," तो म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

नोटीस आली ती या टप्प्यावर. समितीची सभा सामंतांच्या घरी भरली.

"नियमात वासाला मनाई आहे," सामंत म्हणाले. "परंतु अडचण अशी, की तुमच्या जागेचं हस्तांतरण अजून झालेलं नाही."

"अर्ज वर्षभर तुमच्याकडे पडलाय."

"त्यावर देणाऱ्याची सही नाही."

"देणारे वारलेत, सामंतसाहेब. म्हणूनच तर हस्तांतरण."

"ते माझ्या लक्षात आहे. तरी रकाना रिकामा आहे. तेव्हा दप्तरी सभासद अजून अण्णाच." सामंतांनी चष्मा पुसला. "आता सभासद संध्याकाळी स्वतःच्या घरी येत असेल, तर समिती हरकत कशी घेणार? तुम्ही तिथे राहता, तुमच्यावर मात्र घेऊ शकते."

"तुम्हालाही हॉर्न ऐकू येतो?"

सामंतांनी दार लोटून घेतलं. "मी कागदावर म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण गेले काही दिवस मी त्या वेळेला अंगणातली माझी सायकल बाजूला घेतो."

घरी येताना हेमचंद्रला जे वाटलं ते भय नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. जन्मभर ज्या हॉर्नसाठी हातातला चहा टाकून तो खाली धावला, तो हॉर्न कुशाबाला ऐकू येत होता, लक्ष्मीवहिनींना येत होता, आवक-जावकच्या सामंतांना येत होता. त्याला नाही. ज्याच्या नावाचा दावा, त्यालाच कंपनीने टाळावं तसं हे होतं. त्या संध्याकाळी तो कान देऊन बसला. ओव्हनचा गुणगुणाट, बाहेरच्या रस्त्याची रहदारी, कुणाच्या तरी टीव्हीवरची भांडणं. बाकी काही नाही. आणि कुशाबा दारात येऊन म्हणाला, "वाजलो."

"मलाच का ऐकू येत नाही, आई?" त्याने न राहवून विचारलं.

शांताबाई ताटाभोवती पाणी फिरवत होत्या. "तुका कसो ऐकाक येतलो? लहानपणी गल्लीत गाडी वळायच्या आधीच तू खाली असायचंस. हॉर्न आमच्यासाठी. तुका लागायचो नाय."

हे ऐकून समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही.

दरम्यान काम मात्र पुढे सरकत होतं, आणि खरी भानगड तिथेच होती. पहिल्या दिवशी कव्हर निथळलं होतं. मग थेंब कमी झाले. मग दवासारखा नुसता ओलावा. कागदावरचा डाग काळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा पिवळसर. वासही पातळ होत गेला. आधी चाळीच्या टोकापर्यंत जायचा, मग लक्ष्मीवहिनींना येईनासा झाला, मग फक्त कुशाबाच्या दारापर्यंत. तो आता दारात यायचा तो जरा अनिश्चित चेहऱ्याने. "वाजलो. लांबसून वाजलो. हिंदमातेकडे आसतील."

हेमचंद्रला हिशेब कळला तो कागद हातात धरलेला असताना. त्या धातूत अण्णा होते तेवढे होते. चाळीस वर्षांत मुरलेले. तो त्यांना रोज थोडे थोडे काढून फेकत होता आणि आई रोज त्यांना जेवायला वाढत होती. थांबावं, तर कव्हर रंगणार नाही, इंजिन परत जोडलं जाणार नाही, आणि दसऱ्याला टोचन येईल. चालू ठेवावं, तर गाडी जाईल आणि येणारा यायचा बंद होईल.

त्याने ओव्हन लावला नाही. दिवेलागण झाली. शांताबाई ताट घेऊन बसल्या होत्या.

"आज नको करूया, आई. थोडं राहू दे त्यात."

"राहून काय करतलो?" त्या म्हणाल्या. "फाटकातच उभो रवतलो. लाव."

सर्वपित्री अमावस्या होती. त्याने कव्हर आत ठेवलं. धातू तापला, उजळ राहिला, कोरडा राहिला. वास आला तो फक्त तापलेल्या ओव्हनचा. गॅलरीत दार वाजलं नाही. बऱ्याच वेळाने कुशाबा आला, उंबऱ्याच्या बाहेरच थांबला आणि 'वाजलो' न म्हणता परत गेला. हेमचंद्रने कव्हरवरून पांढरा कागद फिरवला, सगळीकडून, कोपऱ्याकोपऱ्यातून. कागद जसा होता तसा पांढरा.

शांताबाईंनी वाढलेलं ताट उचललं, त्यातला भात मोडला आणि स्वतः जेवायला बसल्या. पाट त्यांनी भिंतीला उभा करून ठेवला.

सौमित्रने कव्हर उजेडात फिरवून पाहिलं. "परफेक्ट, सर. शून्य आहे आत." रंग मॅट काळा द्या, सध्या तोच चालतो, असं त्याचं मत पडलं. शांताबाईंनी सांगून पाठवलं होतं : मिलमधल्या यंत्रांचा हिरवा. तो हिरवा नवरात्रात कव्हरवर चढला. हेमचंद्रने घरी आणल्यावर हातमोजा काढून त्यावर उघडा तळहात ठेवला. 'हात लावू नको' असं कुणी म्हणालं नाही.

दसऱ्याच्या सकाळी गाडी सुरू झाली. खोकली, हादरली, निळा धूर सोडला आणि धडधडत राहिली. मेस्त्रीने बजावलं, "शीवपर्यंत बंद करू नका. बंद केलीत तर परत लागेल याची गॅरंटी नाही. आणि हँडब्रेक धरत नाही, पाय ब्रेकवरून काढू नका." मग त्यालाही दसऱ्याची पाच गिऱ्हाइकं होती, तो गेला. बोनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. दुर्गा मागे बसली. शांताबाई पुढे, अण्णांच्या शेजारच्या त्यांच्या जागेवर. आणि या स्टिअरिंगवर, जन्मात पहिल्यांदा, हेमचंद्र.

सगळी चाळ बघायला होती, पण वर, गॅलऱ्यांत. तिरोडकरच्या मुलाला रिव्हर्स येत नाही हे सर्वश्रुत असल्यामुळे सामंतांनी अंगणात उभं राहायला सर्वांना लेखी मनाई केली होती. स्वतःची सायकलही त्यांनी वर नेली होती.

रिव्हर्स आला. नळाच्या चौथऱ्याला थोडा लागून आला, पण आला. लिंबं फुटली. गाडी वळली, उताराने पुढे निघाली, आणि तेव्हा कुठे हेमचंद्रने मान वर केली. समोर फाटक बंद होतं. साखळी घातलेली.

त्यात आश्चर्य काहीच नव्हतं. फाटक उघडायचं काम ज्याचं होतं तो गाडी चालवत होता.

ब्रेक दाबला. इंजिनाने आचका दिला. पाय काढावा तर गाडी फाटकावर, इंजिन बंद करावं तर टोचन. दुर्गा दार उघडायला गेली. मागचं दार आतून उघडत नव्हतं, ते कधीच उघडत नसे. वरून कुणीतरी "अरे फाटक!" म्हणून ओरडलं आणि जिन्यात पावलं वाजली, पण जिना लांब होता आणि इंजिनाचा आवाज खाली खाली जात होता. हेमचंद्रचा हात आपोआप हॉर्नवर गेला.

दोन आखूड. एक लांब.

त्याला ऐकू आला. भिंतींना आपटून परत आलेला, सगळ्या अंगणाला पुरून उरलेला. वर गॅलऱ्यांत एकदम शांतता झाली. जिन्यातली पावलंही थांबली.

मग साखळी निघाल्याचा आवाज झाला. फाटक जरासं उचललं गेलं, कुणी खांदा लावल्यावर उचललं जातं तेवढंच, आणि किंचाळत एका बाजूला सरकलं. पूर्ण. गाडी जायला हवं तेवढं, वर हातभर जास्त.

हेमचंद्रने ब्रेकवरून पाय काढला. गाडी फाटकातून बाहेर पडली, आपल्या चाकांवर. डाव्या बाजूला, जिथे तो स्वतः उभा राहायचा, तिथे त्याने पाहिलं नाही. क्लच नाजूक होता. फक्त त्याचं बोट हॉर्नला लागलं. पीप.

गल्लीत वळल्यावर त्याने आरशात बघितलं. फाटक लागलं होतं, साखळीसकट. पुरावा मागायला त्याला कुणी सापडलं नाही, आणि मागावासाही वाटला नाही. शांताबाई समोर बघत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलंही नव्हतं.

"लावल्यानी," त्या म्हणाल्या. "आता सावकाश चल."